लाडलीबीची गावं, आमची मनगटं

अर्धी खाट मुगाच्या सांडग्यांनी भरली होती, अर्धी तशीच होती, आणि भगोन्यातलं पीठ चैताच्या उन्हानं फसफसायला लागलं होतं. माझे दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात. अशा वेळी लाडलीबी मण्यारीण दारात येऊन उभी राहिली आणि तिच्या डोक्यावर बांगड्यांची टोपली नव्हती.

टोपलीशिवाय तिला मी एकदाच पाहिलं होतं, तिचा बाप वारला तेव्हा. म्हणून विचारलं, "कोण गेलं गं?"

"कोण न्हाई गेलं, वैनी. तीच तर अडचण हाय." ती उंबऱ्याशी टेकली. "मला दस्तगीरला सोडायचं हाय."

भिंतीपलीकडं माळेचे मणी थांबले. पलीकडं माझ्या सासूबाई, आत्याबाई म्हणते मी त्यांना, जप करत होत्या. जप भिंतीच्या त्या बाजूला आणि कान ह्या बाजूला, असं त्यांचं रोजचं असतं. गावच्या नरसिंहाला दोन्ही चालतं, असं त्या सांगतात. देवानं अजून तक्रार केलेली नाही.

मी रोजच्या वहीत दूध, उपास, पाहुणे आणि अमावस्या एवढंच लिहिते. लाडलीबीचं मात्र सविस्तर लिहून ठेवते आहे, कारण पुढे हे गावात प्रत्येकजण आपापल्या सोयीनं सांगणार आहे.

तिचा बाप अल्लाबक्ष मण्यार. त्याला मुलगा नव्हता, ही एकटीच. मण्यार लोकांच्या बिरादरीत गावं वाटलेली असतात. ज्याच्या वाट्याला जे गाव, तिथं त्यानंच बांगड्या भरायच्या. दुसऱ्यानं त्या वेशीत टोपली उतरवायची नाही. अल्लाबक्षकडं आमची पोखर्णी आणि आसपासची दोन गावं होती. ती लाडलीबीला आली आणि तिच्याबरोबर घरजावई म्हणून मानवतचा दस्तगीर आला. गावं कामाची निघाली.

लाडलीबीचा हात म्हणजे लोणी. माझ्या हाडापेराच्या हातावर ती इतकी बारीक बांगडी चढवते की उतरवायला साबण लागतो. अंगठा तळहातात मिटवायचा, हात सैल सोडायचा, आणि तिनं काहीतरी विचारायचं. "वैनी, ह्या वर्षी तरी माहेरी पाठवणार का न्हाई तुमाला?" आपण उत्तर द्यायला तोंड उघडावं तोवर बांगडी मनगटात. बांगडी काचेची असते पण चढते ती गप्पांनी. आणि धंद्याचा नियम असा, की मनगटात जाण्याआधी बांगडी फुटली तर नुकसान मण्याराचं. फुटली असं म्हणायचं मात्र नाही. सवाष्णीची बांगडी फुटत नसते, वाढते.

तर मी हात धुऊन तिच्यासमोर बसले आणि विचारलं, "मारतो का गं?"

"मारायला उठावं लागतंय, वैनी."

हे खरं होतं. दस्तगीर दिसायला देखणा, डोळ्यात सुरमा, कानात अत्तराचा फाया. वाईट शब्द नाही, शिंदी-दारू नाही, बाई नाही. त्याला एकच नाद, तितर. दोन लढाऊ तितर त्यानं पिंजऱ्यात पाळले होते. त्यांना वाळवी लागते म्हणून तो सकाळी कुदळ घेऊन वारुळं खणायला जायचा. जन्मात त्यानं केलेलं खोदकाम तेवढंच. लाडलीबी उन्हातान्हात तीन गावं फिरायची, आणि हा ओसरीत बसून तितरांना बदाम भरवायचा. ती दमून आली की विचारायचा, "स्वयंपाक कधी करतीस?"

"मंग गुन्हा काय म्हणून सांगशील त्याचा?" भिंतीपलीकडून आत्याबाईंचा आवाज आला.

"गुन्हा न्हाई, पार्वतीमाय. त्यो दस्तगीर हाय, येवढंच."

"येवढ्यानं नवरा सोडत असत्यात का? मी तुज्या काकाबरूबर तीस वर्सं काढलीत. त्ये तरी काय करायलेत? तितर न्हाई पाळले, येवढंच."

मी मध्ये पडले. "पण तुमच्यात बाईला सोडता येतं का? तलाक तर पुरुषाच्या तोंडी असतो ना."

लाडलीबीनं तंबाखूची गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि नीट समजावून सांगितलं. तलाक नवऱ्याचा, ते बरोबर. नवरा परागंदा झाला, वेडा झाला, उपाशी ठेवायला लागला, तर बाई काझीकडं जाते आणि साक्षीपुरावे बघून काझी निकाह तोडू शकतो. आणि असं काही नसलं, नुसता नकोच असला, तर बाईनं खुला मागायचा. म्हणजे निकाहात त्यानं दिलेला मेहेर, बायकोच्या हक्काचा पैसा, परत करायचा, किंवा दुसरं काही द्यायचं, आणि म्हणायचं, हे घे आणि मला मोकळं कर. नवरा हो म्हणाला की संपलं.

"मग पहिलंच बघ ना," मी म्हणाले. "परागंदा वगैरे."

"परागंदा व्हावा म्हणून दोन उरुसांना पाठवला त्याला. दोनी बारीला वेळेवर आला. भूक लागली म्हणायला. आन् उपाशी ठेवतो म्हणावं, तर खायला मीच त्याला घालते. काझीसाब त्ये कशात बसवणार?"

मला हसू आलं. आमच्या घरात हा विचारच कधी शिरलेला नाही. आमच्याकडं दार एकच, आत येण्याचं. तेसुद्धा सात जन्मांसाठी.

आत्याबाई बाहेर आल्या. हातात माळ, कपाळावर आठी. "हे बघ लाडली. तुजं तू बघ. पर नवरा सोडलेल्या बाईच्या हातानं सवाष्णी चुडा भरत्यात का? माज्या दारात तरी न्हाई चालायचं. मंग खाशील काय?"

खरी भीती तीच होती, ते लाडलीबीच्या तोंडावर दिसलं. तिचं पोट आमच्या नवऱ्यांच्या आयुष्यावर. वटपौर्णिमा, पंचमी, संक्रांत, डोहाळजेवण, लग्नं. आमचं सौभाग्य ती भरते आणि स्वतःचं टाकून द्यायला निघाली, तर बायका हात पुढं करतील का, हे आत्याबाईंसारखीच ठरवणार. गावात सोवळंओवळं त्यांच्या तोंडून निघतं.

ती उठली. जाता जाता म्हणाली, "माय, तुमी मागं तूप दिलतं ना मला."

पौषात लाडलीबीचं पोट पडलं होतं. तेव्हा आत्याबाईंनी स्वतः कढवलेलं लोणकढं तूप गाडग्यात भरून तिला पाठवलं होतं. आत्याबाई घरात मला तूप वाढताना चमचा उलटा धरतात. तेव्हा त्या गाडग्याची किंमत काय ती मलाच ठाऊक.

"खाल्लंस ना?" आत्याबाई म्हणाल्या.

"चमचाभर मिळालं. बाकी तितरानं खाल्लं. झुंज होती म्हणे त्याची, सेलूला."

आत्याबाईंचं तोंड मी त्या वेळी पाहिलं. नरसिंहाची मूर्ती मी रोज पाहते, पण मूर्तीला तेवढं जमलेलं नाही.

"माजं तूप," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "तितराला." मग माळ खुंटीला अडकवून लाडलीबीला सांगितलं, "जा तू काझीकडं. जा आजच."

धर्मशास्त्र असं एका गाडग्यापायी फिरताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

काझीसाहेब परभणीला. लाडलीबी घरातल्या म्हाताऱ्या खालाला, म्हणजे मावशीला, घेऊन बैलगाडीनं गेली. बिरादरीचे दोन वडीलधारे साक्षीला होते, आणि दस्तगीर एका हातात पिंजरा घेऊन आला होता. तिथं काय झालं ते तिनं मला परत आल्यावर सांगितलं, खालानं मध्ये मध्ये दुरुस्त केलं.

काझीसाहेबांनी आधी समजूत घातली, त्यांचं कामच ते. मग विचारलं, "काही तक्रार?" ती म्हणाली, "न्हाई." "मग?" "नको वाटतो." काझीसाहेब म्हणाले, मागायला एवढं पुरतं, पण सोडायचं त्याच्या हातात आहे. आणि दस्तगीरला विचारलं, "मेहेर परत घेऊन सोडतोस?"

दस्तगीर म्हणाला, "मेहेर कुठला, साहेब? तो तर हिनं पहिल्याच रात्री माफ केला."

ही चालच आहे त्यांच्यात, लाडलीबी म्हणाली. पहिल्या रात्री नवरा म्हणतो, मेहेर माफ कर. नवरीला आधीच बायकांनी शिकवून ठेवलेलं असतं, हो म्हण, चांगलं दिसतं. "मी लाजत होते, वैनी. लाजणाऱ्या बाईकडून काय बी माफ करून घेता येतंय."

तेव्हा परत करायला तिच्याकडं काहीच नव्हतं. दस्तगीर बोटांनी पिंजरा वाजवत होता. त्याला सोडायची घाई नव्हती, दोन वेळची भाकर कोण सोडतो. पण मध्येच त्याला कल्पना सुचली. "घर द्यावं," तो म्हणाला. "नाहीतर गावं द्यावी."

"गावं?" काझीसाहेब म्हणाले. "जहागीरदार आहेस का तू?"

साक्षीदारांनी बिरादरीची वहिवाट सांगितली. दस्तगीरनं हिशेब चोख मांडला. नवरा सोडलेल्या बाईकडून हिंदूंच्या सवाष्णी चुडा भरून घेणार नाहीत. म्हणजे गावं तिच्या कामाची राहणारच नाहीत. तो स्वतः जातीचा मण्यार, आणि आमच्याकडं मण्यार पुरुषाकडूनही बायका बांगड्या भरतात, त्यात कुणी वावगं मानत नाही. गावं त्याच्याकडं आली की भाकरही आली, आणि स्वयंपाक करायला दुसरी बाईही येईल.

काझीसाहेबांनी लाडलीबीला बाहेर कडुलिंबाखाली बसवलं, नीट विचार कर म्हणाले. घर दिलं तर ती आणि खाला रस्त्यावर. गावं दिली तर घरात बसून उपाशी. खाला रडायला लागली. लाडलीबीनं तंबाखू थुंकली, तोंड धुतलं, आत गेली आणि म्हणाली, "गावं दिली."

"दस्तगीर, तूही विचार कर," काझीसाहेब म्हणाले. "हा शब्द गेला की मागं येत नाही. मग तू नवरा नाहीस. पुन्हा नवरा व्हायचं तर नवा निकाह, आणि तोही तिची मर्जी असली तर."

दस्तगीरनं शब्द दिला. परत येताना तो गाडीत बसला नाही, कारण आता तो परका पुरुष. परभणीतच राहिला.

लाडलीबीला इद्दत लागली. तीन वेळा विटाळ येऊन जाईपर्यंत बाईनं घरात बसायचं, कुठं जायचं नाही, दुसऱ्या कुणाशी लग्नाचं बोलायचं नाही. मी भाजी द्यायच्या निमित्तानं तिच्याकडं जायची. ती बसून खालाच्या गोधडीला टाके घालायची. एकदा म्हणाली, "लय शांत वाटायलंय, वैनी. उन्हाळ्यात घरात कसं असतंय ते मला ठावंच नव्हतं." मग तिनं सुई खाली ठेवली. "पर इद्दत सरल्यावर काय करू? चुडा भरायचं सोडून मला काय येत न्हाई."

मी घरी येऊन आत्याबाईंना म्हणाले, "मोडलेल्या संसाराच्या बाईकडून आपण चुडा भरून घ्यावा का? पाप नाही लागणार?"

आत्याबाई फुलवाती वळत होत्या. "आपला देव कसा आला, ठावं हाय ना? त्या राक्षसाला वर होता. दिवसा मरायचा न्हाई, रातीला न्हाई. घरात न्हाई, भायेर न्हाई. मंग देवानं काय केलं? तिन्हीसांजेला खांबातून आला आन् उंबऱ्यावर बसला. देवाला अडवलं तर देव बी फट हुडकतो. ती तर बाई हाय."

मी देवाला हात जोडले. ह्या दृष्टीनं मी त्याच्याकडं कधी पाहिलं नव्हतं.

वटपौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात दस्तगीर आला. डोक्यावर नवी टोपली, परभणीच्या दुकानदाराकडून उधारीवर उचललेला हिरवागार माल, खांद्याला पिंजरा. पहिल्यांदा आमच्याच ओसरीत उतरला, कारण आमच्याकडं भरलं की गल्ली भरते.

"सलाम, माय. चुडा भरायचा ना?"

"भर की," आत्याबाई म्हणाल्या आणि हात पुढं केला.

मी चकित झाले. शेजारच्या कमलबाई पदराआडून बघायला लागल्या. दस्तगीरनं हात धरला, बांगडी घेतली, दाबली. आत्याबाईंनी अंगठा मिटला नाही. हात काठीसारखा ताठ. बांगडी कड् झाली.

"वाढली," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. "घे दुसरी."

"माय, अंगठा जरा..."

"वाताचा हात हाय बाबा. मिटत न्हाई. लाडलीच्या हातानं मिटायचा कसा तरी."

दुसरी वाढली. तिसरी वाढली. त्यांच्या पायाशी हिरव्या काचा पडत होत्या आणि त्या प्रत्येक वेळी तितक्याच सोज्वळपणे "वाढली" म्हणत होत्या. ज्या बाईनं जन्मात एक बांगडी वाया जाऊ दिली नाही, तिनं सणाच्या तोंडावर एवढ्या वाढवाव्यात, म्हणून मी मनातल्या मनात मामंजींसाठी नरसिंहाची करुणा भाकली. मामंजी त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवले.

मग माझी पाळी. मी हात पुढं केला आणि ताठ धरला. मला वात नव्हता, पण माझ्या सासूबाईंना आहे म्हटल्यावर घराण्यात असणारच. कमलबाईंनाही त्याच घटकेला वात झाला. दुपारपर्यंत तो भागुबाई धनगरणीपर्यंत पोचला, आणि भागुबाईचा हात आधीच मेंढरं धरून दगड झालेला. कुणी दस्तगीरला नाही म्हटलं नाही, वाकडा शब्द काढला नाही. सगळ्या हसतमुखानं बसल्या, हात दिला, अंगठा दिला नाही. एवढं सगळं होईपर्यंत पिंजऱ्यातले तितर ओरडत होते. त्यांना वाळवी मिळाली नव्हती.

बाकीच्या दोन गावांत बातमी त्याच्या आधी पोचली. तिथंही वाताची साथ होती.

त्या वर्षी वटपौर्णिमेला आम्ही जुन्याच बांगड्या घालून गेलो. वडानं काही विचारलं नाही. मी दोरा गुंडाळत फेऱ्या घालत होते, सात जन्म हाच नवरा मिळो म्हणत होते, आणि मध्येच मनात आलं, आमच्यात काझी असता तर इथं एवढी गर्दी झाली असती का? लगेच जीभ चावली आणि राहिलेल्या फेऱ्या घातल्या. आमचे हे, दिनकरराव, बरे आहेत. तितर पाळत नाहीत, आणि चिडले तरी उठून चिडतात.

दस्तगीर आधी काझीसाहेबांकडं गेला. खुला मागं घ्यायचा म्हणाला. काझीसाहेब म्हणाले, मी तुला आधीच सांगितलं होतं. मग तो बिरादरीच्या एका म्हाताऱ्याला घेऊन लाडलीबीच्या दारात आला. मी आत तिच्याजवळ भाजी निवडत बसले होते. दाराला गोधडीचा पडदा लावलेला. पडद्याबाहेरून तो म्हणाला, "लाडली, नवा निकाह पढू. इद्दत सरू दे, मी थांबतो."

"मेहेर काय देशील?" लाडलीबीनं विचारलं.

"गावं देतो," तो म्हणाला. "तिन्हीच्या तिन्ही."

"आन् पहिल्या रातीला माफ करायची?"

बाहेर म्हातारा खोकला. माझ्या मते तो हसत होता, पण पडदा होता, शपथेवर सांगत नाही.

"निकाह नको," लाडलीबी म्हणाली. तिची बोटं पदराचा काठ पिळत होती, आवाज मात्र रोजचाच होता. "गावं बी ठेव तूच. मी मागितली न्हाईत."

तो गेला. तिनं भाजी आपल्याकडं ओढून घेतली. मग म्हणाली, "वैनी, चुकलं का माझं? मागून घ्यायला पायजे होती का?" घरी आत्याबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "येतोय की त्यो परत. माल पडून हाय त्याच्याकडं, आन् दुकानदार काय तितर न्हाई, बदामानं गप बसायला."

आषाढाच्या शेवटी तो आला, तोच म्हातारा बरोबर. निकाहाचं नाव काढलं नाही. टोपली दारात उतरवली आणि म्हणाला, "उरलेला माल घे, दुकानदाराची उधारी तुझ्या नावावर घे, आणि गावं तुझी तू घे. मला जमत नाही."

पडद्याआडून लाडलीबीनं खालाला टोपली बघायला सांगितली. "तडकलेल्या त्याच्या, साबूत माज्या," ती म्हणाली. खालानं एक एक बांगडी कानाशी धरून वाजवून पाहिली, चांगली दुपार घेतली. म्हाताऱ्यानं बिरादरीच्या वतीनं सांगितलं, आजपासून तिन्ही गावं अल्लाबक्षच्या लेकीची. दस्तगीर तडकलेल्या बांगड्या पिशवीत भरून उठला. जाताना म्हणाला, "एवढ्या सगळ्या बायकांना एकदम वात कसा झाला?"

"पाणी बदललं असंल," खाला म्हणाली.

इद्दत सरली त्या दिवशी लाडलीबी अंघोळ करून, टोपली घेऊन पहिल्यांदा आमच्या दारात आली आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. आत यायला विचारत होती, तोंडानं नाही. नवरा सोडलेली बाई, दारात, श्रावण तोंडावर. गल्लीतल्या चार दारांत बायका उभ्या होत्या आणि आत्याबाईंकडं बघत होत्या.

आत्याबाई देवघरातून आल्या. "उनात काय उभारलीस? आत ये. आन् मला दोन बारीक दाखव, मागल्या वर्सासारख्या ढगळ नको. मी काय म्हातारी झाले का?"

लाडलीबी आत आली. बसताना तिनं डोळे पुसले, आणि मग टोपलीतली पहिली बांगडी हातात घेऊन म्हणाली, "पार्वतीमाय, काकासाबाला म्हणे वटपुनवंपास्नं भूक वाढलीया?" आत्याबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीचे हात भरून झाले. पंचमीला सगळ्यांना हिरवाच चुडा हवा होता आणि हिरव्या फारशा उरल्याच नव्हत्या, त्या कुठं गेल्या ते आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. भागुबाईला तर निळ्यांवर भागवावं लागलं आणि त्यावरून तिनं बरंच ऐकवलं. उद्या सकाळी लाडलीबी हिरव्या बांगड्या आणायला परभणीला जाणार आहे.